आत्तीला काय हवंय, हे विचारणारी तपासणी : वडगावातला अनुभव

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाच्या घरी येऊन त्याच्या गरजा तपासून देणारं कुणी बेळगावात आहे, हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आजार आहे की नाही हे बघणारी तपासणी वेगळी, ती दवाखान्यात होते. ही त्याच्या पुढची. या माणसाला उठल्यापासून झोपेपर्यंत कशाकशाला आधार लागतो, त्यातलं घरात काय मिळतंय, काय मिळत नाही, हे बसून, बघून, विचारून लिहून काढायचं. आमच्याकडे आलेल्या सिस्टर आधी नर्सिंगमध्ये होत्या, आता एकट्याच हे काम करतात. नाव आणि नंबर टाकू नका म्हणाल्या, कारण हातात आहेत तेवढी घरंच त्यांना पुरतात. म्हणून इथे सगळं लिहिते ते त्यांच्या कामाबद्दल. तुम्ही कुणाकडूनही ही तपासणी करून घ्या, पण ती कशी असायला हवी हे आधी माहीत असलं तर बरं.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, विणकराचं. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. वय चौऱ्याऐंशीच्या आसपास, शाळा दुसरीपर्यंत. सासरे शहापुरी साड्या विणायचे आणि आत्ती जन्मभर रहाटावर कांड्या (मागाला लागणाऱ्या सुताच्या छोट्या नळ्या) भरायच्या. आता माग बंद आहे, आमचे हे उद्यमबागेत फाउंड्रीत जातात आणि मी घरीच फॉल-पिको करते.

आधी दवाखान्याचं सांगते. तिथे आत्तींची तीस मार्कांची परीक्षा झाली. ही परीक्षा १९७५ साली अमेरिकेत तयार झाली आणि जगभर वापरतात. शंभरातून सात वजा करत जा, कागदावर एक वाक्य लिहा, हे वाचा आणि तसं करा. दुसरी शिकलेली बाई कुठून करणार? विचारणारा मुलगा चांगला होता, पण घाईत होता आणि निम्मं कन्नडमध्ये, निम्मं हिंदीत विचारत होता. आत्तींचं कन्नड बाजारापुरतं, सुताच्या व्यापाऱ्याशी बोलायचं. "हे कुठलं राज्य?" असं विचारल्यावर आत्ती ठणकावून म्हणाल्या, "मुंबई." त्याने शून्य दिला.

आता बेळगावच्या माणसाने याचा विचार करावा. आत्ती जन्मल्या तेव्हा हा मुंबई इलाखाच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, त्याचं नाव कर्नाटक झालं ते १९७३ मध्ये, आणि बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं २०१४ ला. जुनी आठवण घट्ट राहते आणि नवी निसटते, हे तर या आजाराचं मुख्य लक्षण. त्यामुळे उत्तर चुकलं हे खरंच. पण चुकलेल्या उत्तरात चौदा-पंधरा वर्षांची पोर असलेल्या आत्ती शाबूत आहेत, हे त्या कागदावर कुठेच आलं नाही.

एकूण मार्क पडले नऊ. नऊ म्हणजे घरी जाऊन मी काय करायचं? रात्री दाराला कडी घालायची की नाही? गोळ्या हातात द्यायच्या की तोंडात? हे कुणी सांगितलं नाही.

न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी वेगळी परीक्षा आपल्या देशात झालेली आहे, हे सिस्टरकडून कळलं. १९९५ मध्ये हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या लोकांसाठी हिंदीत ती बनवली. शंभरातून सात नाही, विसातून तीन वजा करायचे. वाक्य लिहायचं नाही, आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. लक्षात ठेवायच्या वस्तू आंबा, खुर्ची आणि नाणं. पुढे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने अनेक भाषांतला मोठा संच केला, त्यात न शिकलेल्यांसाठी वेगळा भाग आहे. पण पहिल्या पाच भाषांत हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी नव्हती. म्हणजे आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडच्या कन्नड आज्जींची भाषा त्या यादीत पहिल्यांदाच आली आणि आत्तींची नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सिस्टर आल्या त्या दिवशी शेजारच्या कन्नड अज्जी आमच्याकडेच बसल्या होत्या. सिस्टरनी चप्पल काढतानाच त्यांना "ऊटा आतेन्री?" विचारलं आणि आत्तींना "जेवलात की न्हाई आज्जी?" फॉर्म बराच वेळ पिशवीतच होता. आत्तींनी त्यांच्या पदराला हात लावून बघितला, सूत चोळलं आणि "पावरलूमची हाय" म्हणाल्या. सिस्टरनी ते लिहून घेतलं. मला वाटलं गप्पाच चालल्यात, नंतर अहवालात दिसलं की ते वाक्य बोलणं, ओळखणं आणि हाताची समज या खाली आलेलं होतं.

त्यांचा फॉर्म लंडनच्या कॅम्बरवेल भागाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीवर बेतलेला आहे. म्हाताऱ्या माणसांसाठीची ती पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली. माणसाच्या गरजेचे चोवीस विषय त्यात आहेत: राहायची जागा, जेवण, अंगाची स्वच्छता, दिवसभराचं काम, स्मरण, डोळे-कान, चालणं, लघवी-शौचावरचा ताबा, औषधं, मनाचा त्रास, पडझड आणि भाजणं-कापणं, कुणी छळतंय का किंवा दुर्लक्ष होतंय का, सोबत, पैसा, सरकारी मदत वगैरे. शिवाय दोन विषय सांभाळणाऱ्या माणसासाठी, एक त्याला माहिती मिळतेय का आणि दुसरा त्याचं मन कसं आहे. प्रत्येक विषयाला तीनच उत्तरं. गरज नाही, गरज आहे आणि भागतेय, गरज आहे पण भागत नाही. आणि मुख्य म्हणजे एकच प्रश्न वेगवेगळ्या माणसांना विचारायचा आणि उत्तरं वेगवेगळ्या रकान्यांत लिहायची. रुग्ण स्वतः, घरचा माणूस, आणि तपासणारा. कुणाचं खोडून कुणाचं लिहायचं नाही.

आमच्या घरी सगळ्यात महत्त्वाचं निघालं ते याच रकान्यांतून. आत्तींची सगळ्यात मोठी न भागलेली गरज कुठली? मी सांगितलं रात्रीचं उठणं आणि लघवी. ह्यांनी सांगितलं औषधं, त्या गोळ्या थुंकतात. सिस्टरनी तोच प्रश्न आत्तींना विचारला, जवळ बसून, हात हातात घेऊन, दोन-तीन वेगवेगळ्या शब्दांत. बऱ्याच वेळाने आत्ती म्हणाल्या, "माझ्यासंगट कोण बोलूलालंय? सगळी आपापल्या मोबाईलात."

चौघांच्या घरात त्या राहतात. नातवंडं आहेत. आम्हाला कुणालाच सोबत ही गरज वाटली नव्हती, कारण घर भरलेलं आहे. पण घरात माणसं असणं वेगळं आणि कुणी समोर बसून बोलणं वेगळं. सिस्टर म्हणाल्या की इंग्लंडमध्ये घरी राहणाऱ्या रुग्णांना याच पद्धतीने विचारलं, तेव्हाही न भागलेल्या गरजांत दिवसभराचं काम, सोबत आणि मनाचा त्रास याच वर आल्या होत्या. आणि घरच्यांची यादी रुग्णाच्या यादीपेक्षा बहुतेक लांब असते. म्हणून दोन्ही हव्यात. डिमेन्शिया झालेल्याला काय विचारायचं, त्याला काय कळतंय, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट घरी करून बघावी. आत्तींना वार सांगता येत नाही, पण आपल्याला काय हवंय ते सांगता येतं.

आंघोळीचा प्रसंग सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या घरांत फॉर्म सगळ्यात जास्त इथेच फसत असणार. अंगाची कामं मोजायची एक जुनी यादी आहे, १९६३ ची. आंघोळ, कपडे, संडास, उठ-बस, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण, अशी सहा कामं. माणूस स्वतः करतो की दुसऱ्याने करावं लागतं, एवढंच विचारतात. आमच्याकडे आंघोळ मी घालते, म्हणून साहजिकच "दुसऱ्याने". सिस्टर म्हणाल्या, वैनी, आज बघू या का? पाणी काढलं, आत्तींना पाटावर बसवलं. सिस्टरनी तांब्या भरून त्यांच्या उजव्या हातात दिला आणि नुसतं म्हणाल्या, "घ्या, खांद्यावर." आत्तींनी ओतलं. मग डाव्या खांद्यावर. मग साबण हातात दिला, तर हात-पाय सगळं नीट घासलं, अगदी बोटांच्या बेचक्यांसकट. पाठ आणि डोकं तेवढं राहिलं. कपडे घालताना मात्र अडकल्या, ब्लाउजचं हूक वर-खाली होत होतं.

म्हणजे फॉर्मवर एका खुणेत मावलेलं काम असं सुटं झालं: आंघोळीला हात नको, शब्द हवेत. कपड्यांना हात हवा. आपल्याकडे सून असते, मग सासूचं काम सून करते. ती करते म्हणून सासूला येत नाही, असं कागदावर पडतं. हेच स्वयंपाकाचं आणि पैशाचं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने चूल सोडून वीस वर्षं झालेली असतात. "स्वयंपाक करता येतो का" विचारून तिच्या आजाराबद्दल काय कळणार? भारतातल्या खेड्यांसाठी १९९९ मध्ये केलेल्या एका प्रश्नावलीत म्हणून वेगळे प्रश्न आहेत: जेवल्याचं विसरतात का, गावात वाट चुकतात का, सण कधी आहे ते विसरतात का. असे प्रश्न आत्तींना लागू पडतात. त्या दिवाळी विसरल्या नाहीत, पण जेवल्याचं रोज विसरतात.

सुरक्षेच्या बाबतीत सिस्टरचा फॉर्म कमी पडला आणि सिस्टर पुरून उरल्या. फॉर्मवर गॅस, विजेची बटणं, निसरडी फरशी, गाडी चालवणं. आमच्या पुढच्या खोलीत जुन्या खड्डा मागाचा खड्डा अजून आहे. माग विकला, खड्डा बुजवायचा राहिला, वर फळ्या टाकल्यात आणि त्यावर माझं पिकोचं मशिन. सिस्टर खोलीत फिरताना त्यांच्या पायाखाली फळी हलली. त्यांनी फळी उचलली, खाली बघितलं आणि विचारलं, "आज्जी इथं बसायला जातात काय?" जातात. संध्याकाळ झाली की आत्ती त्या फळीशी बसून ती सरकवायला बघतात, कारण सासरे त्या खड्ड्यात पाय सोडून विणायचे. फॉर्मवर याला ओळच नाही. सिस्टरनी समासात लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. देव्हाऱ्यातलं निरांजनही तसंच समासात गेलं. त्याच आठवड्यात ह्यांनी गवंडी बोलावून खड्डा भरून घेतला आणि निरांजन आता उंच फळीवर असतं.

अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये घरी राहणाऱ्या २५४ रुग्णांच्या गरजा अशाच घरी जाऊन तपासल्या होत्या, त्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन मुलाने मला मोबाईलवर काढून दिलं. ९९ टक्के रुग्णांची एक तरी गरज भागलेली नव्हती आणि सुरक्षेची गरज ९० टक्क्यांची राहून गेली होती. गोऱ्या नसलेल्यांच्या आणि कमी उत्पन्नाच्या घरांत न भागलेल्या गरजा जास्त होत्या. आणि हाती-पायी धडधाकट असलेल्यांच्याही जास्त. हे शेवटचं मला आमच्या घरात दिसतं. आत्ती चालत्या-फिरत्या आहेत, म्हणून बघणाऱ्याला त्या बऱ्या वाटतात.

दिवसभराच्या कामाचा प्रश्न होता. फॉर्मवर पर्याय: टीव्ही, पेपर, फिरायला जाणं, खेळ. आत्तींना यातलं काहीच नको. सिस्टरनी माळ्यावरून रहाट काढायला लावला. सुताची लडी लावली, कांडी चातीवर बसवली आणि बाजूला झाल्या. आत्तींनी आधी रहाटाचं चाक हाताने उलटं फिरवून बघितलं, मग सूत जिभेने ओलं केलं, टोक कांडीला गुंडाळलं आणि भरायला लागल्या. सूत तुटलं तर गाठ मारून पुढे. मी पिको करणारी बाई, मला गाठ दिसलीसुद्धा नाही. आता रोज दुपारी शेजारच्या अज्जी येतात, त्या लडी धरतात, आत्ती कांड्या भरतात, संध्याकाळी मी कांड्या उलगडून लडी करून ठेवते. दोघी एकमेकींशी काय बोलतात देव जाणे, एक कन्नडमध्ये आणि एक मराठीत, पण बोलतात. संध्याकाळची आत्तींची घालमेल बरीच कमी झाली. कांड्यांच्या दिवसांत त्या फळीच्या जागेकडे जात नाहीत.

सिस्टरना मी विचारलं, सगळ्या घरांत असंच विचारता का? म्हणाल्या, फॉर्म तोच, वाट वेगळी. मुसलमान घरात हात-तोंड धुता येतं का हे नमाजाआधीच्या वजूवरून बघायचं, कारण ती क्रिया हातात वर्षानुवर्षं बसलेली असते. लिंगायत घरात आज्जा इष्टलिंगाची पूजा एकटे करतात का ते बघायचं. खानापूरच्या बाजूला कोकणी बोलणाऱ्या आजी घरच्यांशी एक भाषा आणि बाहेरच्यांशी दुसरी बोलतात, तर आजार वाढला की बाहेरची आधी जाते, मग लोक म्हणतात बोलणंच बंद झालं. एकाच जिल्ह्यात ही स्थिती. अशा ठिकाणी एकाच भाषेतला, एकाच प्रकारच्या घरासाठी केलेला कागद घेऊन फिरलं तर आजार मोजला जाईल, गरज नाही.

आता माझा भाग. सांभाळणाऱ्यावरचा ताण मोजायची बावीस प्रश्नांची यादी आहे, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क, एकूण अठ्ठ्याऐंशी. राग येतो का, स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, पाहुणे आले की संकोच होतो का. पहिल्या भेटीत हे समोर बसलेले, आत्ती शेजारी, मुलगी चहा घेऊन उभी. कुठली सून सांगेल? मी सगळ्याला नाही म्हटलं. सिस्टरनी ते कागदावर लिहिलंच नाही. दुसऱ्या भेटीला हे पहिल्या पाळीला गेलेले असताना आल्या, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांत उभ्या राहून तेच प्रश्न विचारले आणि मी रडले. किती मार्क झाले ते मी इथे लिहीत नाही. पण त्यानंतर नणंद दर रविवारी शहापूरहून येऊन बसते, कारण अहवालात तसं लिहिलेलं होतं आणि कागदावर लिहिलेलं घरात ऐकलं जातं. माझ्या तोंडून तेच कितीदा बाहेर पडलं असतं तरी ते कुरकुर ठरलं असतं.

तक्रारी आहेत, त्या सिस्टरना तोंडावर सांगितल्या आहेत. अहवाल इंग्रजीत मिळाला. दवाखान्यात दाखवायला तो चालतो, पण रोज वाचायचा मला आहे आणि नणंदेला आहे. मुलाने वाचून सांगितला, मी वहीत उतरवून घेतला. हे काम सेवा देणाऱ्याचं आहे. सरकारी मदतीचा भाग फार घाईत उरकला. संध्या सुरक्षा ही म्हाताऱ्यांची सरकारी पेन्शन मिळते का एवढं विचारलं आणि पुढे गेल्या. डिमेन्शियाला अपंगत्वाचा दाखला मिळू शकतो, त्यासाठी 'आयडियाज' नावाची वेगळी मोजणी आहे आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त निघालं तर सवलतींना पात्र होता येतं, हे मला नंतर दुसरीकडून कळलं. गरजा मोजायला आलेल्या माणसाने हे सांगायलाच हवं होतं. दोन भेटींचे पंधराशे रुपये घेतले. काम बघता जास्त नाहीत, पण आमच्या गल्लीत निम्म्या घरांना ते जमणार नाहीत. लासी-डॅड या देशभरच्या पाहणीप्रमाणे देशात साठीच्या पुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. एवढ्यांसाठी ही तपासणी सरकारी दवाखान्यातून आशाताईंमार्फत फुकट व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे.

कुणाला बोलवणार असाल तर फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या. रुग्णाला स्वतःला विचारणार का, आणि कुठल्या भाषेत. काम करताना बघणार की नुसतं विचारणार. सांभाळणाऱ्या बाईशी एकटीने बोलणार का. अहवाल कुठल्या भाषेत देणार. पहिल्या तिन्हींना हो आलं तर बोलवा. कुणी मिळत नसेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, दोन्ही फुकट. दुसरी आजाऱ्यासाठी आहे तशी सांभाळणाऱ्यासाठीही आहे.

गरजा बदलत राहतात म्हणून सहा महिन्यांनी परत तपासायचं असतं. आमची पुढची भेट गणपतीनंतर ठरली आहे. अहवाल या वेळी मराठीत हवा आणि दाखल्याचं सगळं विचारून या, असं सिस्टरना सांगून ठेवलंय, त्यांनी हो म्हटलंय. ब्लाउजच्या हुकांच्या जागी मी आत्तींच्या सगळ्या पोलक्यांना वेल्क्रो शिवून ठेवलंय, ते त्यांना एकटीला लावता येतंय का हेही त्या वेळी बघायचंय.